कॉलनीतल्या मुलांचा चित्रपट महोत्सव: सल्ले हवेत (वृत्तांत धाग्याच्या शेवटी)

गोदाकाठची | ६ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमच्या कॉलनीत गणपतीतला एक दिवस मुलांच्या सिनेमाचा असतो. म्हणजे आरती उरकली की कुणाचा तरी लॅपटॉप, मंडपवाल्याचा प्रोजेक्टर आणि हिंदीत डब केलेला एखादा ॲनिमेशनपट. निम्म्यात पाऊस येतो, उरलेल्या निम्म्यात प्रसाद. गेल्या वर्षी सिनेमा ऐन रंगात आलेला असताना आमचे खजिनदार प्रोजेक्टरपुढून चार वेळा गेले, आणि एकदा तर तिथेच उभं राहून त्यांनी केटररशी फोनवर हुज्जत घातली. मुलांना त्या रात्रीचं तेवढंच आठवतं.

यंदा हे नीट करू, असं बैठकीत कुणीतरी बोललं. ते कुणीतरी म्हणजे मीच. त्यामुळे आता निस्तरायचंही मलाच आहे.

डोक्यात आहे ते असं: बालदिनानंतरचा शनिवार-रविवार, ६ ते १६ वयाची सव्वाशेएक मुलं, लहान आणि मोठी वेगवेगळी बसवायची. मंडळ १५,००० रुपये देतंय. जवळच्या वाचनालयाचा हॉल फुकट मिळेल, पण त्याला सात खिडक्या आहेत आणि एकीलाही धड पडदा नाही. शिवाय मुलांनी स्वतः फोनवर केलेल्या तीन मिनिटांच्या आतल्या फिल्म्सची स्पर्धा हवी, असं मुलांचंच म्हणणं पडलं.

अडचण अशी की समितीतल्या दोघातिघांना प्रत्येक सिनेमानंतर 'यातून आपण काय शिकलो' यावर दहा ओळी लिहून घ्यायच्या आहेत. वर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचे दोन शब्द. मला यातलं काही नकोय, पण भांडायला मी एकटी पडते. आधी कुणी असं केलं असेल तर सांगा: काय दाखवलंत, कसं दाखवलंत, पैसे कुठे गेले?

टिंगलवाला | ६ जुलै, रात्री ११:१०

खजिनदारांना यंदा मध्यंतरात ठेवा. हमखास चालणारा आयटम आहे. (हलके घ्या.)

तांबडा_पांढरा | ७ जुलै, सकाळी ८:०५

गोदाताई, एकट्या कशाला पडताय? आमच्या कोल्हापुरात 'चिल्लर पार्टी' नावाची चळवळच आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात मुलांना जगभरातले सिनेमे दाखवतात, महापालिकेच्या शाळांतली पोरं येतात. मी पुतण्याला घेऊन गेलो होतो. पोरं दंगा करत आत आली, अंधार झाला आणि दहाव्या मिनिटाला सगळी चिडीचूप. माझ्या शेजारचं एक पोरगं चप्पल हातात धरून बसलं होतं, बाहेर चोरीला जाईल म्हणून. पुढे सिनेमा असा रंगला की ती चप्पल हातातून कधी गळाली ते त्याला कळलं नाही. दहा ओळी कसल्या लिहून घेताय?

वांगी_भात | ७ जुलै, सकाळी ९:३०

+१. वाचतेय.

रिळवाला | ७ जुलै, दुपारी ३:४४

पुण्यात फिल्म सोसायटीच्या रिळांच्या पेट्या उचलण्यात माझी बावीस वर्षं गेली, तेव्हा बोलायचा थोडा हक्क घेतो.

पैसे सर्वात आधी आवाजावर घाला. चित्र थोडं फिकट चालतं, मुलं चालवून घेतात. संवाद कळला नाही की पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू. मंडपवाल्याचे स्पीकर वरातीसाठी असतात, त्यात नुसता धडधडाट. त्याला सांगून बेस पार खाली आणा, स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, मुलांच्या डोक्यापेक्षा हातभर वर ठेवा. रिकामा हॉल घुमतो. जमिनीवर सतरंज्या आणि मागच्या भिंतीला दोन चादरी लटकवल्या तर निम्मा घुमारा जातो.

पडद्याला चादर नको, चुण्या पडतात. फ्लेक्सवाल्याकडून दहा बाय सहाचा न छापलेला फ्लेक्स घ्या, पाइपात ताणून बांधा. चकचकीत बाजू मागे, निस्तेज बाजू पुढे. प्रोजेक्टरचा उजेड ३००० लुमेनच्या खाली नको. आणि अंधार! सात खिडक्या म्हणजे दिवसा काहीच दिसणार नाही.

लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणारी साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे दगा देते. लॅपटॉपची नोटिफिकेशनं बंद, अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद. फिल्म दोन पेनड्राइव्हवर. आणि तपासताना पहिली पाच मिनिटं बघून 'चालतंय' म्हणू नका, अख्खी फिल्म त्याच यंत्रावर शेवटपर्यंत चालवून बघा. माझी एक फिल्म एकदा शेवटच्या रिळाशिवाय आली होती. दोनशे माणसांना नायकाचं पुढे काय झालं ते मी तोंडी सांगितलं.

नियमावली | ७ जुलै, रात्री ९:२०

कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा, तो मी घेतो.

घरचं ओटीटी खातं वैयक्तिक वापरासाठी असतं. ते हॉलमध्ये लावून सव्वाशे जणांना दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन. तिकीट नसलं तरीही. 'आम्ही कुठे पैसे घेतो' हा बचाव चालत नाही.

मार्ग आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शिक्षणसंस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षक म्हणून तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील, तर चित्रपट दाखवता येतो. म्हणजे शाळेने शाळेत दाखवला तर चालतं, तोच मंडळाने मांडवात दाखवला तर नाही.

दुसरं, आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५३चा 'श्यामची आई' २०१४पासून मोकळा आहे.

तिसरं, सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवासाठी सूट मिळते, पण आधी यादी देऊन अर्ज करावा लागतो, ऐनवेळी होत नाही. वयाची विभागणी करताना प्रमाणपत्राकडेही बघा. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केलेत.

गोदाकाठची | ७ जुलै, रात्री ९:४१

नियमावली, तुम्ही माझी अख्खी यादी खाल्लीत. :( पण बरं झालं, आत्ताच कळलं.

शेवग्याची_शेंग | ७ जुलै, रात्री १०:१५

मग चॅप्लिनचा 'द किड' लावा की. १९२१चा आहे, सगळ्यांना कळतो, भाषेचा प्रश्नच नाही.

नियमावली | ७ जुलै, रात्री १०:३३

'द किड'च्या बाबतीत एक मेख आहे. चॅप्लिनने १९७१मध्ये तो पुन्हा कापून, स्वतःचं संगीत घालून प्रदर्शित केला. बाजारात बहुधा तीच आवृत्ती मिळते आणि तिचे हक्क अजून संपलेले नाहीत. १९२१ची मूळ मूक आवृत्ती घ्या आणि संगीत तुमचं वाजवा.

टिंगलवाला | ७ जुलै, रात्री १०:३६

नियमावलींच्या घरी वाढदिवसाला केक कापण्यापूर्वी पावती फाडतात.

रिळवाला | ८ जुलै, सकाळी ७:१८

अहो, संगीत तुमचंच वाजवायचं असेल तर नाशिककरांनी लंडनच्या पोराकडे कशाला जायचं? तुमच्या गावात १९१९ साली एका लहान मुलीने कृष्ण केलाय!

दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन'. तुमच्याच नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. फाळक्यांनी चित्रपट कृष्णापासून सुरू केलेला नाही. आधी ती मुलगी साध्या वेषात समोर येते आणि नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवते. पडद्यावरच्या पाटीवर सांगितलंय, सात वर्षांच्या मुलीचे मुद्राभिनय. मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे 'ही बघा आमची पोर, आता ती देव होणार' असं बापाने आधीच सांगून टाकलंय आणि तरीही पाच मिनिटांत आपण तिला कृष्ण मानून बसतो. सिनेमा म्हणजे काय हे मुलांना सांगायला यापेक्षा सोपा रस्ता मला ठाऊक नाही. पुढे लोणी आहे, खोड्या आहेत, पाण्याखाली सापाशी झुंज आहे. पाऊण तासाच्या आसपास मामला.

पेटी-तबला वाजवणारी दोन मुलं कॉलनीत असतीलच. मूकपटाच्या काळात थिएटरात वाजवणारे बसायचे आणि पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूसही असायचा. तोही नेमा.

स्पर्धेचं म्हणाल, तर त्याआधी मुलांना फाळक्यांची 'अंकुराची वाढ' सांगा. १९१२मध्ये या गृहस्थाने कुंडीत बी पेरून रोप उगवताना थोडं थोडं चित्रित केलं आणि पडद्यावर ते भराभर वाढलं. नंतर आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आज हेच फोनवर फुकट होतं. फोन हलू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, स्टँड विकत घेऊ नका.

गोदाकाठची | ८ जुलै, सकाळी ७:५०

काका!! अंगावर काटा आला. मी पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात पन्नास वेळा गेले असेन, पण कायम पोरांना पाळण्यात बसवायला.

चौथीबची_आई | ८ जुलै, दुपारी १२:२५

मूकपट ठीक, पण परदेशी सिनेमे दाखवणार असाल तर सबटायटल्सचं काय? माझी मुलगी चौथीत आहे. मराठी वाचते, पण पाटी येते आणि तिचं अर्धं वाक्य व्हायच्या आत जाते. इंग्रजीचं तर विचारूच नका. मग ती मला कोपराने ढोसत विचारते, काय म्हणाला, काय म्हणाला. मी सांगेपर्यंत पुढचं गेलेलं असतं.

स्प्रेकाठ | ८ जुलै, संध्याकाळी ६:०२

बर्लिनहून लिहितेय. इथल्या मोठ्या महोत्सवात १९७८पासून मुलांचा विभाग आहे. आता त्याचं नाव 'जनरेशन'. त्यात लहानांच्या सिनेमाला मूळ आवाज तसाच ठेवतात आणि हॉलमध्ये बसून एकच बाई माइकवर जर्मनमध्ये सगळे संवाद वाचते. बाप, पोर, आजी, पोलीस सगळे एकाच आवाजात! पहिल्यांदा मला हसू आलं. दहा मिनिटांत तो आवाज ऐकू येईनासा झाला, म्हणजे कळत होतं पण जाणवत नव्हतं. ती बाई अभिनय करत नाही, हेच तिचं कसब.

तिथे बक्षीसही मुलांचीच ज्युरी देते. आपला 'किल्ला' सिनेमा २०१४मध्ये तिथे क्रिस्टल बेअर हा पुरस्कार घेऊन गेला तो मुलांनीच दिलेला. पाऊस, कोकण, बदलीच्या गावी आलेला मुलगा: जर्मन पोरांना यातलं काय ठाऊक? पण दिला. तुमच्या स्पर्धेत पण मोठ्यांना परीक्षक नेमू नका.

रिळवाला | ८ जुलै, रात्री ८:१५

+१. वाचणाऱ्याला एकच सूचना: पात्राच्या आधी बोलायचं नाही. पात्र बोलू लागलं की अर्धा श्वास थांबून मग.

मराठी सबटायटल्स स्वतः करणार असाल तर फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर चौकोन येतात. तरीही काही प्लेअरवर जोडाक्षरं तुटतात; 'स्त्री'चं काय होतं ते सांगवत नाही. तपासून घ्या.

जुनी_वही | ९ जुलै, सकाळी १०:४०

आमच्या लहानपणी बालचित्र समितीचे सिनेमे असायचे. शाळेतून दोन-दोनच्या रांगेत थिएटरात न्यायचे, सकाळचा खेळ. १९५५ साली सुरू झालेली ती संस्था २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. सगळेच सिनेमे चांगले होते असं नाही, काही तर भयंकर बोधप्रद. पण अंधारात दोनशे पोरं एकदम हसतात तो आवाज मला अजून आठवतो.

'श्यामची आई' मात्र जरूर दाखवा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला चित्रपट आहे. संस्कार होतात.

आईचा_आयडी | ९ जुलै, दुपारी ४:३०

हा आईचा आयडी आहे, मी मुलगी लिहितेय, दहावीत आहे. आईने परवानगी दिलीय.

किशोरांसाठी म्हणून आम्हाला जे दाखवतात त्यात कायम परीक्षेचा ताण, मोबाईलचं व्यसन आणि शेवटी बाबा मिठी मारतात. आम्हाला शाळेत 'फॅन्ड्री' बघायचा होता, सर म्हणाले तो तुमच्यासाठी नाही. त्यातला जब्या आमच्याच वयाचा आहे की. मग तो कुणासाठी आहे?

चौथीबची_आई | ९ जुलै, संध्याकाळी ५:१२

बाळा, तुझं बरोबर आहे, पण बालदिनाला मुलांनी आनंदाचं काहीतरी बघावं असं आम्हाला वाटतं. शिव्या, जात, डुकरं हे आहेच की रोजचं बाहेर.

तांबडा_पांढरा | ९ जुलै, संध्याकाळी ५:४०

ताई, ज्यांच्या घरी ते रोजचं आहे ती पोरं पण तुमच्या मुलीच्या वर्गात बसतात. त्यांना आपला बालदिन कधी दिसणार पडद्यावर?

चौथीबची_आई | ९ जुलै, संध्याकाळी ६:०१

मी कुणाला कमी लेखायला लिहिलं नव्हतं. चौथीच्या मुलीला नको, एवढंच म्हणणं आहे.

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री १०:२०

भांडू नका. चौथीला नाहीच दाखवणार, नववी-दहावीला दाखवू. मी गेल्या आठवड्यात तो पुन्हा पाहिला. डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, ती जागा दहावीच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. आम्ही घरात बसून बघतो, ती रोज प्रार्थनेला उभी असतात.

'श्यामची आई'बद्दल, जुनी_वही, रागावू नका. मी लहानपणी तो पाहताना रडले आणि शेजारचे काका आईला म्हणाले, 'बघा, संस्कार होतायत.' तेव्हापासून माझं त्या शब्दाशी फारसं जमत नाही. सिनेमाशी जमतं.

गोदाकाठची | २० नोव्हेंबर, रात्री ११:३५

वृत्तांत देते म्हणाले होते. घसा बसलाय, हात चालू आहेत.

शेवटी नियमावलींचं ऐकून दोन तुकडे केले. शनिवार शाळेचा: शाळेने शाळेच्या सभागृहात, स्वतःच्या मुलांना आणि पालकांना दाखवायचं. रविवार वाचनालयात सगळ्यांसाठी खुला: 'कालिया मर्दन', परवानगी घेतलेले चार मराठी लघुपट आणि मुलांच्या फिल्म्स. लघुपटवाल्यांना ईमेल केले. सहा जणांना लिहिलं, चौघांनी चोवीस तासांत होकार कळवला, एकाने वर 'मुलं काय म्हणाली ते मात्र कळवा' अशी अट घातली. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळवायच्या अर्जासाठी एका फिल्म सोसायटीतल्या मंडळींनी मदत केली, त्यांचे पाय धरायचे बाकी आहेत.

या विभागणीत कॉलनीतली बावीस मुलं शनिवारी बाहेर राहत होती, कारण ती त्या शाळेत नाहीत, महापालिकेच्या शाळेत आहेत. हे मला आधी सुचलंच नव्हतं. धुणं-भांडी करायला येतात त्या मावशींच्या मुलाने विचारलं, 'आमची शाळा दाखवत नाही का?' तेव्हा कळलं. त्या शाळेच्या बाईंना जाऊन भेटले, त्यांनी शुक्रवारीच वर्गात खेळ लावला. म्हणजे सर्वात पहिला खेळ तिथे झाला, फळ्यावर पांढरा कागद डकवून.

अंधाराचा प्रश्न असा सुटला की समितीतल्या एकांची टोमॅटोची शेती आहे. त्यांनी मल्चिंग पेपरचा, म्हणजे वाफ्यांवर अंथरायच्या प्लॅस्टिकचा, उरलेला रोल आणला. काळी बाजू आत, चंदेरी बाजू बाहेर, सात खिडक्या अर्ध्या तासात बंद. बाहेरून वाचनालय अवकाशयानासारखं दिसत होतं. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. दारातल्या स्वयंसेवक पोरांच्या टॉर्चना पतंगाचा लाल कागद लावला. आणि दाराशी टोपली, फोन ठेवायला, फक्त मोठ्यांसाठी. लहानांकडे फोन नव्हतेच! खजिनदारांनी टोपलीत फोन टाकताना माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षीचे १५,००० गेले असं मी धरून चाललेय.

दीपप्रज्वलन टळलं नाही. पण अंधार केलेलाच होता, तेव्हा समईच्या उजेडातच पाहुण्यांना बोलायला लावलं. कागद वाचता येईना, दोन मिनिटांत आटोपलं.

आता शनिवार. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणी सिनेमा, विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून. संवाद मराठीत वाचायला एक निवृत्त बाई आणि नववीतली एक मुलगी. पहिल्या वीस मिनिटांत बाईंनी थोडा अभिनय केलाच, सवय जात नाही. मग मुलीने माइक घेतला आणि अगदी सपाट वाचू लागली. स्प्रेकाठ, तुझं शंभर टक्के खरं, मलाही नंतर आवाज ऐकू येईना.

ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे: भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, दोघं एकाच जोडीवर शाळा करतात, आणि शेवटी भाऊ शर्यतीत उतरतो, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट आहेत. पहिलं नको, दुसरं नको, तिसराच यायचंय. शर्यतीत मुलं उभी राहून ओरडत होती. तो पडला तेव्हा 'ऊठ, ऊठ' चाललं होतं. आणि तो पहिला आला. सव्वाशे मुलांनी टाळ्या वाजवल्या, अगदी दोन-तीन सेकंद, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं तशी टाळी पुढून मागे विझत गेली. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक बारीक आवाज: 'अरे देवा, पहिला आला!' कुणी हसलं नाही.

(चौथीबची_आई, तो आवाज कुणाचा ते तुम्हाला ठाऊक आहे.)

अपघातही झाला. रिळवाले काकांनी बजावूनही लॅपटॉपवर एक खिडकी उघडी राहिली. नंतरच्या लघुपटात, आई-मुलाच्या अतिशय हळव्या प्रसंगात, उजव्या कोपऱ्यात माझ्या नवऱ्याचा निरोप: 'कोथिंबीर मिळाली नाही'. पडद्यावर एकेक अक्षर वीतभर.

'फॅन्ड्री' दुपारी, फक्त नववी-दहावी. शेवटचा दगड आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. दिवे लावायला मी तीन मिनिटं थांबले. चर्चा मुलांच्या अटीवर: मोठे बाहेर. आम्ही सगळे व्हरांड्यात, दार बंद. चाळीस मिनिटं. एकदा खूप मोठ्याने आवाज आले, एकदा बराच वेळ काहीच नाही, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. काय बोलले ते मला माहीत नाही. विचारलंही नाही. बाहेर आल्यावर एका मुलाने समोरच्या नळावर खळखळून तोंड धुतलं आणि सायकल काढून गेला.

रविवार. 'कालिया मर्दन'ला पेटीवर आठवीतला, तबल्यावर सातवीतला. तालमीत त्यांनी भक्तिगीतं बसवली होती. प्रत्यक्षात कृष्णाच्या खोड्या सुरू झाल्यावर तबलजीला राहवेना, त्याने मिरवणुकीचा ठेका धरला आणि हॉल डोक्यावर घेतला. सापाशी झुंज आली तेव्हा पेटीवाल्याने एकच सूर दाबून धरला, बोट काढलंच नाही. मागून एक आजोबा पाट्या वाचत होते. सुरुवातीला ती मुलगी नुसते भाव करून दाखवते ना, तेव्हा पुढची दहा-बारा पोरं नकळत तेच भाव करत होती: राग, रडू, हसू. पडद्याच्या उजेडात मला त्यांचे चेहरे दिसत होते. मी फाळक्यांचा सिनेमा पाहिलाच नाही, सगळा वेळ ती पोरंच पाहिली.

मुलांच्या फिल्म्स एकोणीस आल्या. त्यातल्या तेरांमध्ये मोबाईल वाईट असतो, कचरा कुंडीत टाकावा, झाडे लावावीत, आणि शेवटी हात जोडलेली पाटी. मोठ्यांनी लिहून दिलेलं लगेच ओळखू येतं, मुलं 'पर्यावरणाचा ऱ्हास' म्हणताना श्वास घेतात. उरलेल्या सहांत एक सहावीतल्या मुलीची, सव्वादोन मिनिटांची. आजीने सांगितलंय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. फोन तांदळाच्या डब्यात, समोर कुकर. एक शिट्टी. मग आजोबा येतात, पेपर कुठाय. दारावर दूधवाला. शिट्टी. ती दुसरी की तिसरी, यावर घरात मतभेद. फ्रेममध्ये फक्त कुकर, बाकी सगळे आवाजच. संपली.

ज्युरीत सात मुलं. वृक्षारोपणाची फिल्म पहिली येईल असं समितीने गृहीत धरून त्या मुलाच्या पालकांना पुढे बसवलं होतं. आली कुकरची. कारण विचारलं तर ज्युरीप्रमुख, वय अकरा, म्हणाली, 'यात शेवटी कुणी काही शिकत नाही.' समितीतल्या दहा ओळीवाल्या काकांना मी तेव्हा मुद्दाम पाहिलं नाही.

खर्च: प्रोजेक्टर दोन दिवसांचा ५,०००, आवाज ४,५००, फ्लेक्स ९००, सतरंज्या फुकट, चिवडा-केळी २,८००, बक्षिसं ६००. उरलेल्या १,२०० रुपयांवर समितीची बैठक आहे. बैठक खर्चापेक्षा लांब चालेल.

रिळवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:५८

तबलजीला माझ्याकडून शंभर रुपये द्या. पुण्याला आलात तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दाखवतो सगळ्यांना. कोथिंबिरीबद्दल बोलत नाही.

चौथीबची_आई | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:१४

:) घरी आल्यावर तिने स्वतःचे बूट मोजले. तीन जोड निघाले. एक धुतला आणि वाळत घातला, का ते सांगत नाहीये.

जुनी_वही | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

रागावलो नाही. पुढच्या वर्षी पाट्या वाचायला बोलवा.

नियमावली | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अभिनंदन. फोनवरच्या फिल्म्समध्ये पार्श्वसंगीत म्हणून कुणी सिनेमाची गाणी वापरली नव्हती ना?

गोदाकाठची | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

नियमावली, कुकरच्या शिट्टीचे हक्क आजीकडे आहेत, तिची तोंडी परवानगी घेतली होती.

वांगी_भात | २१ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मला एकच सांगा, एकूण शिट्ट्या किती झाल्या?

गोदाकाठची | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३२

ज्युरीने फिल्म चार वेळा लावून मोजल्या. चौघं म्हणतात तीन, तिघं म्हणतात चार. आजी म्हणते, वरण लागलं होतं म्हणजे पाच.